तुटलं, फुटलं, मोडलं

"आई, माझी कार ब्रेक झाली." मुलगा साडेचार वर्षांचा असताना हे वाक्य आमच्याकडे दिवसातून दहादा तरी यायचं. गाडीचं चाक निखळलं तरी ब्रेक, कागद फाटला तरी ब्रेक, मांजा तुटला तरी ब्रेक. दोष त्याचा नव्हता. 'कट कर', 'वॉश कर', 'मिक्स कर' हे आम्हीच बोलत होतो. त्या एका 'कर'नं घरातली निम्मी क्रियापदं गिळून टाकली होती.

आधी मी चित्रांची कार्डं आणली. पैसे वाया! चित्रात बाई सुरी धरून बसलेली. ती कापते आहे की चिरते आहे, हे मलाच सांगता येईना. चित्रातला हात हलत नाही ना.

मग त्याला ओट्याशी स्टुलावर बसवलं. मेथी निवडायची, मटार सोलायचा, लसूण ठेचायचा. (ठेचायला तो कधीही तयार.) स्वतःला एकच अट घातली : समजावून सांगायचं नाही, हात चालू असताना शब्द तेवढा कानावर घालायचा. "तू सोल, मी चिरते." तीनेक आठवड्यांनी बाबाच्या हातात मेथीची जुडी पाहून साहेब म्हणाले, "बाबा, ती सोलत नाहीत, निवडतात."

दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा सासूबाईंनी त्याला पहाटे अंगणात नेलं. प्राजक्ताचा सडा आपोआप पडतो, म्हणून तो वेचायचा. जास्वंद झाडावर असते, ती तोडायची. दूर्वा नखानं खुडायच्या. हे मला सुचलंच नसतं.

पण तिथंच एक घोटाळा झाला. आजी साडी नेसते हे ऐकून त्यानं "मी चड्डी नेसली" असं जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, "अरे, शिवलेलं असतं ते घालायचं. नुसतं गुंडाळायचं असतं ते नेसायचं."

"मग शाल नेसायची?"

"शाल पांघरायची."

"आणि टॉवेल?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पंचा नेसतात, टॉवेल मात्र गुंडाळतात, असं काहीतरी आम्ही ठरवून टाकलं.

सगळ्यात जास्त दिवस तुटणं-फुटणं-मोडणं यांनी खाल्ले. शेवटी नवऱ्याचा जुना चष्मा कामी आला. काच फुटते, काडी मोडते, गळ्यात अडकवायची दोरी तुटते. एकाच वस्तूत तिन्ही! तडकून तुकडे झाले की फुटलं, ताणून दोन झाले की तुटलं, कडक वस्तू वाकून कामातून गेली की मोडलं, एवढं त्यानं पकडलं. पेन्सिलीच्या टोकावर घरात अजून दोन तट आहेत. मी 'मोडलं' म्हणते, नवरा 'तुटलं'. दोन्ही चालतं, असं त्याला सांगून टाकलं.

'फुटणं' आणि 'फोडणं' यांतला फरक त्याला समजला आहे, याबद्दल माझी खात्री आहे. परवा स्वयंपाकघरातून आवाज आला म्हणून धावले. फरशीवर कपाचे तुकडे, बाजूला तो.

"कप फुटला," तो म्हणाला.

"फुटला की फोडला?"

त्यानं बराच विचार केला.

"पडला."