आरं सहाच?

परवा सोफा बघायला गेलो होतो, बिल करताना दुकानदाराने आडनाव विचारलं, मी म्हटलं सुतार, तर तो हसून म्हणाला मग तुम्हीच का नाही बनवत हो घरी. हा जोक मी पंचविसेक वर्षं ऐकतोय. त्याला काय सांगणार की आमच्या घराण्यात सोफा सोडा, साधी खुर्चीसुद्धा फार कुणी केलेली नाही, कारण गावातल्या सुताराकडे फर्निचर मागायला येणार कोण? लोक जमिनीवर बसायचे, जमिनीवर झोपायचे. फार तर बाळंतपण आलं की पाळणा, लग्नाला पाट. बाकी सगळा धंदा शेतीचा. नांगर, कुळव, तिफण, जू, बैलगाडी.

आमचं गाव वारणेकाठचं. पणजोबांना मी बघितलेलं नाही, पण त्यांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, अजून आहे, दांडा चारदा बदललाय आणि पातं झिजून अर्ध्यावर आलंय. त्यांची नजर म्हणे कायम बाभळीवर. कुणाच्या बांधावरची बाभूळ कशी वाकलीय आणि तिच्यात नांगराचं खोड लपलंय की नुसतं रुमणं, म्हणजे धरायची मूठ, हे वाटेने जाता जाता ठरवायचे. मग ती तोडून आणायची, ओंडके पाण्यात टाकून ठेवायचे म्हणजे कीड लागत नाही, आणि सुगी उरकली की तासायला घ्यायचे. पैसे नाहीत, बलुतं. एका औतामागे वर्षाच्या अमुक पेंढ्या, वर्षभर फाळ ढिला झाला, इसाड म्हणजे नांगराचा लांब दांडा मोडला, पेरायचं चाडं तडकलं की दुरुस्ती त्यातच.

बलुत्याचं लोक फार गोड वर्णन करतात, सगळं गाव कसं एकमेकांना धरून होतं वगैरे. आजीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पीक बुडालं की पेंढी पहिली सुताराची बारीक व्हायची, आणि खळ्यावर जाऊन उभं राहायचं म्हणजे मागायलाच गेल्यासारखं. तरी आम्हाला निदान ओसरीवर बसवून चहा मिळायचा, ज्यांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते त्यांच्या वाट्याला ती पेंढी कशी यायची ते आमच्या घरात कुणी फारसं बोलत नाही.

तर पणजोबांच्या हयातीत गावात लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात तो 1903 च्या सुमारास तयार केला, आणि पुढे 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, म्हणजे आमच्यापासून फार लांब नाही. सुरुवातीला लोखंडाने जमीन नासते, विष भिनतं असं म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते हा किस्सा प्रसिद्ध आहे. आमच्या घरची त्यात एक छोटी भर. हे विषाचं मत गावात सगळ्यात जोरात मांडणारा माणूस म्हणजे आमचे पणजोबा. पोटाचा प्रश्न होता हो. पण हरळीने भरलेल्या रानात सहा बैल लावून तो नांगर एकदा चालला आणि विषय संपला. लाकडी खोडाची कामं कमी कमी होत गेली, जू तेवढं लाकडाचंच राहिलं.

आजोबांनी मग चाक धरलं. बैलगाडीचं चाक हे फार डोकं लावायचं काम आहे, मधे तुंबा, त्यात बारा आरे, म्हणजे मधून कडेपर्यंत जाणारे दांडे, बाहेरून सहा पाट जोडून गोल, प्रत्येक पाटात दोन आरे, आणि यात कुठे खिळा नाही, सगळं एकमेकांत बसवलेलं. ते घट्ट धरून ठेवायला वरून लोखंडी धाव, म्हणजे कडं. धाव चढवायची म्हणजे लोहार आणि सुतार दोघांचा दिवस, चाकापेक्षा धाव जाणूनबुजून थोडी लहान करायची, शेणी पेटवून लाल होईपर्यंत तापवायची की ती फुगते, तशीच सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी. चर्रर्र करून वाफ उठते आणि धाव आकसताना सगळे सांधे करकरत आवळले जातात. आजोबा म्हणायचे चाक त्या वेळी ओरडतंय.

मग कारखाना आला, ऊस आला, आणि उसाच्या ओझ्याला टायरची गाडी आली. परत तेच. आजोबांना लोखंडाचा राग वडिलार्जित होता, त्यात रबराची भर पडली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना कानस आणि पटाशी पण लोखंडाचीच आहे हे मी लहानपणी एकदा बोलून गेलो होतो, प्रसादाचा पेढा उशिरा मिळाला.

वडील 1972 च्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी कोल्हापूरला आले, उद्यमनगरमध्ये. गावात सांगितलं फौंड्रीत लागलो. म्हणजे ओतकामाचा कारखाना, लोखंड वितळवून साच्यात ओतायचं. आजोबांनी दोन महिने बोलणं टाकलं. सुताराचं पोर लोखंडाच्या दारात गेलं म्हणून.

शेवटी एकदा आले बघायला. वडिलांनी त्यांना भट्टीकडे नेलंच नाही, सरळ पॅटर्न शॉपमध्ये नेलं. आत जाऊन बघतात तर भुसा, रंधा, पटाशा, किंकरी, सागवानाचा वास. कारण वाळूत साचा उठवायचा तर आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात, आणि तो सुतारच करणार. म्हणजे ज्या ओतीव लोखंडाने आमचं औत खाल्लं त्याच्या पोटात आधी एक सुतार बसलेला होता, हे कळायला आमच्या घराण्याला सत्तरेक वर्षं लागली.

आजोबा फार काही बोलले नाहीत. टेबलावर ऑइल इंजिनच्या फ्लायव्हीलचा, म्हणजे त्याच्या जड चाकाचा, पॅटर्न होता, त्याच्यावरनं हात फिरवला, एक डोळा मिटून कड बघितली आणि म्हणाले, "आरं सहाच?"

वडील म्हणाले, "सहा बास हुत्यात आबा, ह्यात लोखंड वततोय."

मग आजोबांनी वीत लावून माप घेतलं, शेजारी तयार कास्टिंग पडलेलं होतं त्याला पण लावलं आणि म्हणाले, "तुझं लाकूड मोठं झालंय, चुकलास." वडिलांनी समजावलं की मुद्दाम मोठं करतात, लोखंड गार होताना आकसतं, मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर, तेवढं आधीच वाढवून घ्यायचं. आजोबा म्हणाले, "व्हय की. धावंसारखं." आणि बिडी काढली. झालं, समेट. तिथे बिडी ओढायला बंदी होती ते वेगळं.

तर ह्या वाढीव मापासाठी पॅटर्नवाल्यांकडे एक खास पट्टी असते, कॉन्ट्रॅक्शन स्केल. दिसायला साधी स्टीलची पट्टी, पण तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर किंचित मोठा छापलेला, म्हणजे हिशोब करत बसायला नको, ड्रॉइंगवर 200 लिहिलंय तर ह्या पट्टीने 200 घ्यायचं, वाढ आपोआप आली. मी सातवीत असताना माझी पट्टी हरवली म्हणून वडिलांच्या पिशवीतली एक उचलून नेली आणि भूमितीच्या परीक्षेला बसलो. 10 सेंटिमीटरच्या सगळ्या रेघा एक मिलिमीटर जास्त. मार्क कापले. पेपर बघून वडील इतके हसले की आईला वाटलं मी पहिला आलो.

मी काही ह्या धंद्यात गेलो नाही, पुण्यात बँकेत आहे. चुलतभावाची मुलगी मात्र कोल्हापूरजवळच्या शिरोलीत पॅटर्नच करते, कॉम्प्युटरवर. स्क्रीनवर चाक फिरवते, एका चौकोनात आकसण्याचा टक्का टाकते आणि मशीन रेझिनचा ठोकळा कापत सुटतं, भुसा पण पांढरा पडतो. तिला एकदा विचारलं, लाकूड लागतं का गं आता? म्हणाली, लागतं की काका, थोडी ऑर्डर असली तर अजून लाकूडच स्वस्त.

वडील गेल्यावर ती पट्टी मी आणली, कपाटात ठेवली होती. काल बघतो तर जागेवर नाही. पोरीचं दप्तर उघडलं, वहीत खुणेला लावलेली. काढून घेतली, सोमवारी तिचा गणिताचा पेपर आहे.