आधी आलेख बघा, मग लिहा
आज वर्गात आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या अ‍ॅकॅडमिकच्या रायटिंगचा पहिला टास्क घेतला. साधारण २० मिनिटं, किमान १५० शब्द आणि समोर एक लाइन ग्राफ. बहुतेक मुलं पहिल्या वर्षापासून एकेक आकडा उतरवत सुटतात. म्हणून आज आधी पेन खाली ठेवायला लावलं. नुसतं बघा: काय चढलं, काय उतरलं, कुठली रेषा कुणाला ओलांडून गेली? हे दोन वाक्यांत मांडलं की ओव्हरव्ह्यू झाला, आणि माझ्या मते उत्तराचा जीव त्यातच असतो. आकडे पुढच्या परिच्छेदांत, तेही तुलनेपुरते. असं का झालं असेल, हे मात्र लिहायचंच नाही. कारणं ग्राफमध्ये नसतात. एरवी गप्प बसणाऱ्या एका मुलीने आज सगळ्यांत नेमका ओव्हरव्ह्यू वाचून दाखवला. फार आनंद झाला! उद्या पाय चार्ट घेणार आहे.