प्रयोग १७: तिसरा दिवस, केक अजून गोडच

मंडळी, रविवारी भाजलेला संत्र्याचा केक काल सकाळी चाखला, रात्री चाखला आणि आज चहाच्या आधी पुन्हा एक तुकडा तोंडात टाकला. कडू नाही! जिभेच्या मागच्या बाजूला हळूच चढत येणारी ती कडवट चव नाही. केक दुसऱ्या दिवशी कडू होऊ नये, या एका गोष्टीच्या मागे नोव्हेंबरपासून लागले होते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

लेकीची सगळी धान्यं आणि दूध डॉक्टरांनी बंद केल्यापासून तिचा आवडता संत्र्याचा केक नव्याने बसवणं चालू आहे, हे जुन्यांना माहीत आहेच. सुरुवात आखी संत्री उकडून, वाटून, बदाम, साखर आणि अंड्यांत मिसळायच्या पद्धतीने केली होती. सेफार्डी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या घरातला हा जुना प्रकार. त्यात मुळातच मैदा नाही, लोणी नाही, त्यामुळे वाटलं होतं की काम सोपं आहे. पण आपलं नागपुरी संत्रं बियांचं, आणि रस काढून ठेवला तर कडू होणारं. इथे कोणाच्याही घरी विचारा, संत्र्याचा रस काढला की लगेच प्या म्हणतात, ते उगाच नाही.

यामागचं कारण आता मला नीट कळलंय. फळ अख्खं असतं तोवर त्याच्या बिया आणि पापुद्र्यांत जे द्रव्य असतं त्याला कडू चव नसते. फळ चिरडलं की ते आंबट रसात मिसळतं आणि त्याचं लिमोनिन नावाचं कडू द्रव्य होतं. हे लिमोनिन दहा लाखांत सुमारे सहा भाग असलं तरी जिभेला कळतं. आच लागली की ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणजे मी दोन-दोन तास संत्री उकडत होते तेव्हा कडवटपणा स्वतःच्या हाताने तयार करत होते. केक दुसऱ्या दिवशी कडू लागतो याचा दोष मागच्या नोंदीत मी हवाबंद डब्याला दिला होता, तो मागे घेते. माझा आताचा अंदाज असा की कडू चव आचेवरच तयार होते, पण पहिल्या संध्याकाळी साखर आणि सालीचा वास तिला झाकून ठेवतात. रात्रीतून वास उतरतो आणि ती वर येते.

हे डोक्यात बसलं ते चार वाट्यांच्या प्रयोगामुळे. एकाच मिश्रणाचे चार भाग केले. एकात सालीचा नुसता वरचा केशरी किस, दुसऱ्यात फोडींवरचे पापुद्रे आणि पांढऱ्या शिरा, तिसऱ्यात बियांसकट वाटलेली फोड, चौथ्यात पापुद्रा काढून मोकळा केलेला नुसता गर. वाट्यांच्या बुडाला आकडे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना न सांगता चाखायला दिल्या. शेजारच्या काकू त्या वेळी आल्या होत्या, त्यांनाही बसवलं. तिसऱ्या वाटीवर काकू म्हणाल्या, "अरे बाप्पा, हे तर जहर आहे! काय टाकून राहिली तू यात?" दुसरी वाटी सगळ्यांना कडसर लागली. पहिली आणि चौथी मात्र सगळ्यांनी पुसून खाल्ली, आणि लेकीने चौथीच्या तळाला चिकटलेलंही सोडलं नाही.

तेव्हापासून नियम ठरला. बिया आधी, चाकू लावण्याच्याही आधी मनात ठेवायच्या, एकही फुटता कामा नये. फोड उघडून पापुद्रा पूर्ण सोलायचा. किस फक्त केशरी भागाचा, पांढऱ्याला किसणी लागली की थांबायचं. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे किसताना ती दबते आणि फाटते, त्यावर एक उपाय सापडला: संत्रं धुऊन, पुसून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. साल कडक होते आणि किस इतका मोकळा पडतो की बघत राहावंसं वाटतं. तो लगेच साखरेत टाकून बोटांनी चोळायचा. साखर केशरी होते, ओलसर होते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो.

पण हे केलं आणि दुसरीच पंचाईत झाली. उकडलेल्या संत्र्याचा लगदा काढून टाकल्यावर केकमधला ओलावाच गेला. प्रयोग १५ वाळूसारखा भुगा झाला, १६ मध्ये गर वाढवला तर मधोमध खड्डा पडला. महाशिवरात्रीला आणलेली रताळी उरली होती, त्यातली दोन उकडून, चाळणीतून घासून टाकली, आणि सतराव्याने रूप घेतलं. रताळं पाणी धरून ठेवतं आणि संत्र्याच्या वासावर चढत नाही. भोपळा मी आधी वापरला होता, त्याची चव मधे येते, मला नाही आवडला.

आताचं माप असं: बदाम २०० ग्रॅम, शिंगाड्याचं पीठ ६० ग्रॅम, रताळ्याचा लगदा १५० ग्रॅम, साखर १६० ग्रॅम, अंडी ४, वास नसलेलं खाण्याचं खोबरेल तेल ६० मिलि, तीन संत्र्यांचा किस, दोन संत्र्यांचा गर. अंडी आणि साखर दुप्पट फुगेपर्यंत फेटायची, बाकी सगळं हलक्या हाताने. सात इंची भांडं, १६० अंशांवर ५० मिनिटं. ओटीजीच्या (छोट्या विजेच्या भट्टीच्या) बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. माझा बटणापेक्षा २० अंश जास्त तापतो आणि हे कळायला मला पाच केक लागले.

घाण्याचं खोबरेल तेल मी एरवी फोडणीलाही वापरते, पण या केकमध्ये नको. संत्रं मागे पडतं.

बदामाचं तयार पीठ आता घेणार नाही. एका दुकानातलं महागडं पाकीट उघडलं तर जुनाट तेलाचा वास, तरी त्याची मुदत शिल्लक होती. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणा ओळीतून आख्खे बदाम आणते, गरम पाण्यात सालं काढून पूर्ण वाळवते, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवते आणि ठरलेल्या साखरेतली थोडी घालून मिक्सरला थांबत थांबत फिरवते. सलग फिरवलं की तेल सुटतं. शिंगाडेही वाळलेले आणून खलबत्त्यात फोडते आणि घरीच दळते, कारण गिरणीत आधी गहू दळलेला असतो. आणि बेकिंग पावडर वापरत असाल तर तिच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा, तिच्यात बहुधा मक्याचं स्टार्च असतं. धान्य बंद असेल तर ते चालणार नाही. दोन भाग क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगला वापरतात ती आंबट पांढरी पूड), एक भाग खाण्याचा सोडा, एक भाग शिंगाड्याचं पीठ, आठवड्यापुरतंच करून ठेवायचं.

बाजारात सध्या मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलून उन्हाळ्याच्या तोंडी येणारी फळं आहेत. माझे पहिले नऊ प्रयोग आंबिया बहारातल्या (आंब्याच्या मोहोराच्या वेळी फुलून हिवाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या) सुरुवातीच्या फळांवर झाले, देठाकडे हिरवट असलेल्या. फळ पिकत जातं तसं हे कडू द्रव्य कमी होतं, म्हणून त्या नऊ केकांची मापं आता जशीच्या तशी पडताळता येणार नाहीत. पुढच्या नोव्हेंबरात घाईने पहिल्या ढिगातली फळं घेणार नाही, महिनाभर थांबेन.

पुढचा बेत नारळाच्या घट्ट दुधाचं आवरण घालून दोन थरांचा केक करायचा होता. पण वरचं लिमोनिनचं लिहिताना एक गोष्ट सुचली. ते आंबट रसातच तयार होतं. मग आच लावण्याआधीच रसाचा आंबटपणा चिमूटभर सोड्याने मारला तर? तसं जमलं तर पापुद्रे सोलण्याचा दोन तासांचा व्याप वाचेल आणि रसही केकमध्ये घालता येईल. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येईल आणि केक लवकर काळपट होईल, म्हणून आधी केक नाही, नुसता रस घेते. तीन कप: एक साधा, एक सोड्याचा, एक सोडा घालून नंतर पुन्हा लिंबू पिळलेला. तिन्ही दहा मिनिटं उकळून झाकून ठेवायचे.

आवरण राहिलं बाजूला. मृगाची फळं मार्चअखेर संपत येतील, त्याआधी हे व्हायला हवं. तीन कप आत्ता गॅसवर चढवलेत, त्यांच्या बुडालाही आकडे लिहिलेत. उद्या सकाळी काकूंना पुन्हा बोलावलंय.