लाडूचं घोरणं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस काही पडत नव्हता. संध्याकाळी पावणेसातला फोंड्यातल्या माझ्या दवाखान्याचं शटर अर्धं ओढून झालं होतं, तेवढ्यात दारात एक स्कूटर थांबली. मागे बसलेल्या मुलीच्या मांडीवर ओल्या टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं होतं आणि आतून ओलं लाकूड करवतीनं कापावं तसा आवाज येत होता.

"डॉक्टरबाई, लाडूला बघा हो. उन्हात नेलंच नव्हतं त्याला, देवाशपथ!" स्कूटर स्टँडवर लावायचंही भान आजोबांना नव्हतं.

लाडू हा तीन वर्षांचा पग, चपट्या नाकाचा छोटा कुत्रा. मी आधी टॉवेल ओढून काढला. पाण्यात भिजवलेला टॉवेल अंगाभोवती घट्ट गुंडाळला की दोन मिनिटांत तो अंगाइतकाच गरम होतो आणि आतली उष्णता आतच कोंडते. हे त्यांना कोण सांगणार? कवळ्याहून इथवर जीव मुठीत धरून आले होते बिचारे. लाडूच्या हिरड्या विटेसारख्या लाल, जीभ जांभळट, लाळ चिकट तारेसारखी लोंबणारी. थर्मामीटर लावला. १०७.६. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं.

त्याला टेबलावरून उचलून थेट मोरीत ठेवला, नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पायांवर सोडलं आणि समोर पंखा लावला. आजोबा धावत शेजारच्या दुकानातून बर्फ घेऊन आले, तो मी नको म्हटलं. बर्फासारख्या गार पाण्यानं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि कुत्रा कुडकुडू लागला तर अंगात उलट उष्णताच तयार होते. मदतनिसानं ऑक्सिजनचा मास्क धरला, मी शिरेत सलाईन लावलं आणि घाबरणं कमी व्हावं म्हणून हलकं गुंगीचं औषध दिलं. पगच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं असतं. श्वास पुरत नाही म्हणून तो जोरात ओढतो, जोरात ओढल्यानं घसा सुजतो, सुजल्यानं वाट आणखी अरुंद होते. वेळ आली तर श्वासनलिकेत नळी घालावी लागेल म्हणून ती हाताशी काढून ठेवली होती. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर. १०६, १०५.२, १०४. १०३.५ ला मी पाणी बंद केलं, कारण त्यापुढेही ओतत राहिलं तर तापमान घसरत घसरत धोक्याच्या खाली जातं.

तेव्हा कुठे मला विचारायला सवड मिळाली.

झालं होतं एवढंच, की उन्हं उतरल्यावर, साडेपाचनंतर, नात त्याला घेऊन देवळाच्या तळीपर्यंत फिरायला गेली. वाटेत दुसरं एक कुत्रं भेटलं, दोघं थोडं धावले, खेळले. अर्धा तास. परत येताना लाडू बसला तो उठेना.

आजोबांचं म्हणणं खरं होतं, ऊन नव्हतं. पण आपल्याकडे मेअखेरीस हवा पाण्यानं जड झालेली असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जीभ, तोंड आणि नाकाच्या आतला ओलावा हवेत उडवणं हीच त्याची गार व्हायची मुख्य वाट, आणि हवाच दमट असेल तर ओलावा उडणार कुठे? तोच दमटपणा सोसून आपला गावठी कुत्रा गडग्याच्या सावलीत जीभ बाहेर काढून निवांत पडतो, कारण त्याला लांब नाक आहे. पगच्या चेहऱ्याचं हाड आखूड केलं माणसानं, पिढ्यान्‌पिढ्या निवडून. आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. टाळूचा मऊ भाग लांब राहतो आणि श्वासनलिकेच्या तोंडावर पडतो, नाकपुड्या फटीएवढ्या उरतात.

"पण तो लहानपणापासून असाच घोरतो," नात म्हणाली. "आम्ही त्याचे व्हिडिओ काढतो."

मला त्या पोरीवर रागावता आलं नाही. २००३ मध्ये हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि देशभर लोक त्याच्या प्रेमात पडले. तो चेहरा आहेच तसा, आणि स्वभावानं पग खरोखर लाघवी असतो, लेकरांत रमतो. पण जागेपणी, नुसतं बसलेलं असताना कुत्रं घुरघुरत असेल तर ती सवय नव्हे, त्याला श्वास अपुरा पडतोय. लाडू तीन वर्षं हेच सांगत होता.

त्याला आणला होता मोबाईलवरचे फोटो पाहून. पिल्लू बसस्टँडवर हातात मिळालं, आईबाप कुणी पाहिलेच नाहीत. मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगते, पिल्लू नंतर बघा, आधी त्याच्या आईला दहा मिनिटं चालताना बघा. चालून आल्यावर तिच्या घशातून आवाज येत असेल तर परत फिरा. नाकपुड्या गोल, उघड्या हव्यात. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून, नाक डोक्याच्या लांबीच्या एकतृतीयांशाहून आखूड असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीवर बंधन आहे. आपल्याकडे ते भान निदान घेणाऱ्यानं तरी ठेवायला हवं. आणि खर्चाचा हिशेब फक्त पिल्लाच्या किमतीचा नसतो. मार्च ते जून दुपारी एसी किंवा निदान गार फरशी आणि पंखा, पावसाळ्यात चेहऱ्याच्या वळ्या रोज पुसून कोरड्या करणं, नाहीतर तिथे बुरशी धरते. बाहेर आलेल्या डोळ्यांना जरा ओरखडा गेला तरी त्याच दिवशी डॉक्टर. बरीच विमानं असली आखूड नाकाची कुत्री नेतच नाहीत, म्हणजे बदलीची नोकरी असणाऱ्यानं आधीच विचार करावा.

आणि वजन. पगचं वजन साधारण सहा ते आठ किलो असावं. लाडू काट्यावर ११.४ भरला. घरात कुणी जेवायला बसलं की शीत-कढीचा घास, सकाळी चहाबरोबर पावाचा तुकडा, असं प्रत्येकाच्या हातून थोडं थोडं जायचं. चरबी अंगावर दिसते तशी घशाभोवतीही साचते.

त्या रात्री मी घरी गेले नाही. तापमान उतरलं म्हणजे सुटलो असं नसतं. इतक्या उष्णतेनं आतडी, मूत्रपिंड भाजून निघतात, रक्त गोठायची यंत्रणा बिघडते. रात्री दोनच्या सुमारास लाडूला रक्ताची शी झाली. टॉर्च लावून पोट पाहिलं तर त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटले होते. मी आजोबांना फोन करून खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "नातीला उठवू की नको?" मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबा.

पहाटे साडेचारला त्यानं लघवी केली, पिवळी, स्वच्छ. ती फरशी पुसताना माझे हात थरथरत होते.

सहा दिवसांनी तो घरी गेला. आता त्याचं फिरणं पहाटे साडेपाचला, पट्टा गळ्यात नाही, छातीला, आणि पंधरा मिनिटांत परत. आजोबा वहीत रोजचं खाणं ग्रॅममध्ये लिहितात. परवा ते त्याला घेऊन आले, वजन ९.१ निघालं. नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूची शस्त्रक्रिया डिसेंबरात, हवा गार झाल्यावर करायची ठरली आहे. नातीनं जुने व्हिडिओ मला दाखवले, आवाज मोठा करून, आणि विचारलं, "यात सुद्धा त्याला त्रासच होत होता का?"

मी हो म्हटलं.