मेरिदाच्या पायऱ्यांवर

स्पेनमधल्या सेव्हियाहून निघालेली आमची टूरची बस आज मेरिदाला थांबली. हातात जेमतेम दीड तास. मी एकच जागा मनसोक्त पाहिली, रोमन नाट्यगृह!

इ. स. पूर्व 25 मध्ये रोमन सम्राट ऑगस्टसने निवृत्त सैनिकांसाठी हे शहर वसवलं, आणि दहाएक वर्षांत त्याचा सेनापती अग्रिप्पाने सुमारे सहा हजार प्रेक्षकांचं हे नाट्यगृह उभारलं. पुढे सगळं मातीखाली गेलं. फक्त वरच्या आसनांचे सात तुकडे डोकं काढून होते, गावकरी त्यांना 'सात खुर्च्या' म्हणायचे. 1910 मध्ये उत्खनन सुरू झालं, 1933 मध्ये इथे पुन्हा नाटक झालं. आता दर उन्हाळ्यात नाट्यमहोत्सव असतो. किती बरं वाटलं हे ऐकून!

मी पार वर जाऊन बसले. दगड उन्हाने तापलेला, खाचेत वाळकं गवत. खाली आमच्या ग्रुपमधल्या एका आजींनी जात्यावरची ओवी म्हटली, अगदी हळू, स्वतःपुरती. शब्द न् शब्द वर आला. अंगावर सर्रकन काटा आला.

बसकडे परतताना त्यांचा हात धरला. दोघीही काही बोललो नाही.