जिन्यातली मालवणी वाळू

पहाटे स्वारगेटला उतरलो, कोथरूडला घरी आलो, दारात बूट झटकले तर मूठभर वाळू. आई म्हणाली, "अख्खं मालवण उचलून आणलंस की काय!"

काल सिंधुदुर्गावर होतो. होडी तटाजवळ आली तसा तांडेल मिश्किलपणे म्हणाला, "दरवाजो खंय आसा, सांगा बघू?" आम्ही चौघं पुणेकर, म्हणजे सगळ्यातलं सगळं कळणारे. गप्प! बुरुजांच्या वळणात दार असं दडवलंय की अगदी पुढ्यात जाईपर्यंत दिसतच नाही.

१६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर काम सुरू झालं. पायात शिसं ओतलं आणि साधारण तीन वर्षांत ४८ एकरांचा किल्ला उभा. (आमच्या चौकातल्या पुलाबद्दल बोलत नाही.)

पण मला खिळवलं ते विहिरींनी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी! कठड्यावरून वाकून बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात दाढी नसलेले शिवाजी महाराज पाहिले. चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा मात्र घाईतच पाहिला, कारण होडीवाले देतात जेमतेम तासभर. तेवढ्यात तट फिरून होत नाही हो.

परत आल्यावर सुरमई आणि दोन वाट्या सोलकढी. तिसरी मागायची लाज वाटली.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, जायचं तर आधी उरका. जिना अजून झाडलेला नाही.