सराव संपल्यावर चेंडू मोजताना

सात वर्षांपूर्वी मी मुलांना फुटबॉल शिकवू लागले, तेव्हा माझी समजूत अगदी साधी होती. घरातील हिंसा, पालकांचे आजारपण, सतत बदलणारा आसरा अशा परिस्थितीतून आलेली मुले मनसोक्त खेळली, की त्यांना बरे वाटेल. त्यात तथ्य आहेच. जागतिक आरोग्य संघटनाही ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांच्या मध्यम ते जोरकस शारीरिक हालचालीची शिफारस करते. परंतु नुसत्या धावण्याने भागत नाही, हे मला एका मुलीमुळे कळले.

ती पहिले चार महिने खेळलीच नाही. रेषेबाहेर बसून ती सराव पाहत असे. पास चुकला तर मी कोणावर ओरडते का, सामना हरल्यावर माझा चेहरा कसा होतो, ठरलेल्या वेळेला मी खरोखर येते का, हे सारे ती तपासत होती, हे मला फार उशिरा उमगले. मी तिला खेळण्याचा आग्रह केला नाही. चेंडूंची जाळी तिच्याकडे सांभाळायला दिली आणि सराव संपल्यावर चेंडू मोजायला तिच्याशेजारी बसू लागले. समोरासमोर बसवून प्रश्न विचारले, की अशी मुले मिटून जातात. हात कामात असले आणि नजर चेंडूवर असली, की ती हळूहळू बोलू लागतात. घरी काय घडते, हे तिने दुसऱ्या वर्षी सांगितले. ते गुपित राखण्याचे वचन मी दिले नाही. कोणाला आणि का सांगावे लागेल, हे आधी तिलाच समजावले, आणि दुसऱ्या दिवशी ती येईल की नाही, या काळजीने रात्रभर जागी राहिले. ती आली.

म्हणूनच दोन महिन्यांच्या शिबिराला मार्गदर्शन म्हणणे मला पटत नाही. अमेरिकेतील ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मार्गदर्शकाशी असलेले नाते वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकलेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाल्याचे आढळले. ज्यांचे नाते फार लवकर तुटले, त्यांची मात्र काही बाबतींत पीछेहाटच झाली. मोठी माणसे सोडून जातात हे ज्या मुलाने आधीच अनुभवले आहे, त्याच्या आयुष्यातून आणखी एक माणूस न सांगता नाहीसा झाला तर काय होत असेल, हे समजायला खरे तर अभ्यासाचीही गरज पडू नये. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एक गट असाच निरोप न घेता सोडला होता, आणि त्याची खंत आजही आहे.

पुढच्या हंगामानंतर मला हा गट दुसऱ्या प्रशिक्षिकेकडे सोपवायचा आहे. मुलांना ते आत्ताच सांगून ठेवले आहे. ही नवी प्रशिक्षिका आतापासून प्रत्येक सरावाला माझ्याबरोबर येते, आणि चेंडू मोजायला आम्ही तिघी बसतो.